अंगावर पिणारे बाळ आणि लांबचा प्रवास

जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिते. कधी दहा मिनिटांत त्याचे पोट भरते, कधी पाऊण तास जातो. तान्ह्या बाळाच्या आईचे रोजचे कितीतरी तास पाजण्यातच जातात, आणि ते सलगही नसतात. दिवसभर आणि रात्रभर विखुरलेले असतात. प्रवासाचे गणित याच्या नेमके उलटे असते. गाडीची वेळ ठरलेली, थांबा दोन मिनिटांचा, जेवण ठरावीक स्टेशनवर. एक घड्याळ भिंतीवर असते आणि दुसरे बाळाच्या पोटात, आणि भिंतीवरचे घड्याळ पोटातल्या घड्याळासाठी थांबत नाही.

म्हणूनच अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन सुटीवर निघायचे का, या प्रश्नाला बहुतेक घरांत ‘बाळ जरा मोठे होऊ दे, मग बघू’ असे उत्तर मिळते. हे उत्तर बाळाच्या काळजीपोटी दिल्यासारखे वाटते. जरा खोलात गेले की दिसते, ते फलाटावरचे बाक, बसस्थानकावरचे स्वच्छतागृह आणि समोरच्या सीटवरचा टक लावून बघणारा माणूस यांच्याकडे बघून दिलेले असते. बाळाची त्यात फारशी अडचण नसते. समुद्रावरच्या सहलीचे उदाहरण घेतले की ही गोष्ट लख्ख दिसते, कारण ज्या जहाजाची सर्वांना भीती वाटते, तेच पाजणाऱ्या आईला सर्वांत सोयीचे वाहन ठरते. हाल होतात ते बंदरापर्यंत पोचेपर्यंत.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे गाव आहे. नागपूर-भंडारा महामार्गालगतची ही वसाहत १९६०च्या दशकात उभ्या राहिलेल्या आयुध निर्माणीमुळे वसली. आसपास धानाची शेती, जवळचे रेल्वे स्टेशन वरठीचे भंडारा रोड, आणि समुद्र दोन्ही दिशांना शेकडो किलोमीटरवर; मुंबई तर रेल्वेने सुमारे ९०० किलोमीटर. तरीही या गावाचे समुद्राशी एक कागदी नाते आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला चार वर्षांच्या एका गटात एकदा देशात कोठेही सहकुटुंब जाण्यासाठी प्रवासभाड्याची सवलत मिळते. ‘एलटीसी’ ही तीन अक्षरे सरकारी वसाहतींमध्ये पोराबाळांनाही ठाऊक असतात. या सवलतीच्या नियमांत रेल्वे आणि विमानाबरोबर समुद्रमार्गाच्या प्रवासाचे दर्जेही ठरवून दिले आहेत, आणि अंदमान हे एलटीसीवाल्या कुटुंबांचे नेहमीचे स्वप्न. मराठी माणसाला त्या बेटांची ओढ सेल्युलर जेलमुळे अधिकच. चेन्नई, विशाखापट्टणम किंवा कोलकाता येथून सरकारी जहाजाने तेथे पोचायला अडीच ते तीन दिवस लागतात. सवलतीचा गट चार वर्षांचा आणि बाळ होण्याचे वयही याच काळात येते, त्यामुळे कित्येक तरुण कुटुंबांच्या एलटीसीच्या काळात घरात एक तान्हे लेकरू असणारच.

महाराष्ट्राला बाळासह समुद्रप्रवास नवा नाही. रस्ते आणि कोकण रेल्वे येण्यापूर्वी मुंबईचा चाकरमानी बायकामुलांसह बोटीनेच गावी जाई. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर चटई अंथरून बसलेल्या बायका लेकरांना पदराखाली घेत, आणि त्याचे कोणालाही नवल वाटत नसे. मराठीत ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार त्या काळाने दिला. समुद्र न पाहिलेल्या विदर्भात त्याचे ‘गाडी लागणे’ झाले. सुटी म्हणून जहाजावर राहण्याची कल्पना मात्र अलीकडची. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे प्रवासी जहाज सुरू झाले आणि २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे मोठे जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करू लागले. तेव्हापासून ‘क्रूझ’ हा शब्द मध्यमवर्गीय घरांतल्या सुटीच्या बोलण्यात आला.

अशा जहाजावर आईला काय मिळते ते पाहिले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे आतून कडी लावता येणारी खोली. पलंग, लागूनच न्हाणीघर, पिण्याचे पाणी, दिवा हवा तेव्हा मालवता येतो. बाळ रडले की डेकवरून खोलीत यायला पाच-सात मिनिटे. तयार जेवण, भांडी घासायची नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की आई पाजत बसलेली असतानाही प्रवास चालूच असतो. तिच्यामुळे कोणाचा खोळंबा होत नाही. मोटारीने जाताना बाळाला पाजण्यासाठी दर दोन-अडीच तासांनी गाडी बाजूला घ्यावी लागते, कारण चालत्या मोटारीत बाळाला त्याच्या आसनातून काढून मांडीवर घेणे धोक्याचे. रेल्वेत थांबावे लागत नाही, पण दारही नसते. विमानात दोन्ही नाही, वेळ थोडा एवढाच दिलासा. जहाज हे एकच वाहन असे आहे जिथे घर आणि प्रवास एकत्र चालतात. बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीचे इतके चांगले आधुनिक रूप दुसरे सापडणे कठीण. फरक इतकाच की या खोलीला समुद्राची खिडकी असते.

अर्थात हे केबिनचे झाले. अंदमानच्या सरकारी जहाजांवर सर्वांत स्वस्त दर्जा ‘बंक’चा असतो. मोठ्या दालनात एकावर एक झोपण्याच्या फळ्या, अनेक प्रवासी, सामाईक न्हाणीघरे. बाळ अंगावर असेल तर पदरचे चार पैसे घालूनही केबिनचाच दर्जा घ्यावा. जहाजाच्या मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. टोकाकडची आणि वरची जास्त डोलते. तिकीट काढताना ही एक गोष्ट विचारली तरी पुढचे बरेच हाल टळतात.

वयाचा प्रश्न येथे आडवा येतो. रॉयल कॅरिबियनसारख्या मोठ्या क्रूझ कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला जहाजावर घेत नाहीत. महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस किनारा न दिसणाऱ्या फेऱ्यांसाठी ही अट बारा महिन्यांची आहे. गर्भवतींसाठीही अट असते. चोविसाव्या आठवड्यात पोचलेल्या स्त्रीला साधारणपणे प्रवेश मिळत नाही. कारण वैद्यकीय आहे. जहाजावर दवाखाना असतो, डॉक्टर असतो, पण तान्ह्या बाळाला लागणारा अतिदक्षता विभाग नसतो, आणि भर समुद्रात रुग्णवाहिका बोलावता येत नाही. ही अट रास्त आहे. पण तिच्यामुळे एक मौज होते, ती लक्षात घेण्याजोगी आहे. पहिले सहा महिने बाळ केवळ आईच्या दुधावर असते. जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस तीच, सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा त्याहूनही पुढे. म्हणजे खाण्यापिण्याच्या दृष्टीने बाळाला कोठेही नेणे सर्वांत सोपे असते तो काळ पहिल्या सहा महिन्यांचा. ना वाटी ना चमचा, ना मऊ भात, ना डाळीचे पाणी. नेमका तोच काळ जहाजाच्या दाराबाहेर राहतो. आणखी एक योग पाहावा. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्याची प्रसूती रजा १८० दिवसांची असते. जहाज ज्या आठवड्यात बाळाला घ्यायला तयार होते, त्याच आठवड्यात आईला कामावर रुजू व्हायचे असते. बालसंगोपन रजेत एलटीसी घेता येते, ही त्यातली वाट. ती अनेकींना माहीत नसते.

सहा महिन्यांनंतरही दूध हाच बाळाचा मुख्य आहार असतो, आणि जहाजावर तर त्याचे महत्त्व वाढते. यामागचे कारण समजून घेण्यासाठी दूध कसे तयार होते ते थोडक्यात पाहावे लागते. बाळ ओढू लागले की आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते, ऑक्सिटोसिन ते खाली उतरवते. जुन्या बायका ‘पान्हा फुटला’ म्हणतात तो हा दुसरा भाग. दूध जितके ओढले जाईल तितके तयार होते; पाजायचे टाळले की आधी छाती दाटते, मग गाठी होतात, ताप येतो, आणि हे बरेच दिवस चालले तर दूध आटते. पान्ह्यावर आईच्या मनाचा परिणाम होतो, हे शरीरशास्त्राचे विधान आहे, कवीचे नव्हे. भीती, संकोच, घाई यांनी ऑक्सिटोसिनला खीळ बसते. भरल्या डब्यात अंग चोरून बसलेल्या बाईचे दूध उतरत नाही आणि बाळ रडते. मग शेजारची आजी ‘दूध पुरत नाही वाटतं’ म्हणते आणि पहिली बाटली हातात येते. कितीतरी बाळांचे वरचे दूध अशा एखाद्या प्रवासात सुरू होते.

बाटली ही घराबाहेर जोखमीची वस्तू आहे. पावडरीच्या दुधाला उकळलेले पाणी लागते, बाटली आणि बूच प्रत्येक वेळी उकळून घ्यावे लागते. जहाजाच्या केबिनमध्ये शेगडी नसते, आणि आगीच्या भीतीने प्रवाशांना पाणी तापवण्याची स्वतःची साधने बहुतेक कंपन्या आणू देत नाहीत. बंद जागेत शेकडो माणसे एकाच वेळी जेवतात तेथे उलट्या-जुलाबांचे विषाणू लवकर पसरतात. नोरोव्हायरसची साथ हे क्रूझचे जुने दुखणे आहे. अशा ठिकाणी अंगावरचे दूध दुहेरी कामाला येते. ते बाहेरचे पाणी आणि भांडी यांच्या वाटेने येणारे जंतू टाळते, आणि आईच्या पोटात गेलेल्या जंतूंविरुद्ध तिच्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडे दुधावाटे बाळाला मिळतात. आईलाच जुलाब झाले तर पाजणे बंद करायचे नसते. तिने जलसंजीवनी घेत राहायचे आणि पाजत राहायचे. ‘बाहेरचे खाल्ले, आता बाळाला बाधेल’ हा समज घरोघर आहे. आईच्या पोटाच्या बिघाडाचे जंतू सहसा दुधात उतरत नाहीत, ते उतरतात न धुतलेल्या हातांवरून. हळिवाचे आणि डिंकाचे लाडू डब्यात जरूर न्यावेत, त्यांनी आईच्या अंगी ताकद येते. पण जहाजावरच्या पुलावाने दूध नासत नाही.

बोट लागण्याविषयी एक चांगली बातमी आहे. दोन वर्षांखालच्या मुलांना ती सहसा लागत नाही. बाळ खुशाल खेळत असते आणि आई भिंत धरून बसलेली असते, असे दृश्य म्हणूनच दिसते. या त्रासावरच्या जुन्या अँटिहिस्टामाइन गोळ्यांनी आईला गुंगी येते, कधी बाळालाही येते, आणि काहींनी दूध कमी होण्याचाही संभव असतो. म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘बाळ अंगावर पिते’ हे आठवणीने सांगून औषध लिहून घ्यावे. फलाटावरच्या दुकानातून कोणतीही पट्टी घेऊ नये. आले, मोकळी हवा, क्षितिजाकडे नजर आणि थोडे थोडे खाणे हे उपाय कोणालाच वर्ज्य नाहीत. गुंगीत किंवा दारू घेतल्यावर बाळाला कुशीत घेऊन झोपणे मात्र घरीही धोक्याचे आणि डोलणाऱ्या पलंगावर त्याहून.

दूध काढून ठेवायचे असेल तर उन्हाचा विचार करावा लागतो. पंचवीस अंशांच्या आसपास काढलेले दूध चार तास टिकते, शीतकपाटात चार दिवस, बर्फाच्या थंड पिशवीत सुमारे चोवीस तास. शाळांची सुटी मे महिन्यात, आणि मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा पंचेचाळिशीकडे असतो; तेथे चार तासांचा नियम लागू पडत नाही. केबिनमधले छोटे कपाटही पेये थंड ठेवण्यापुरतेच असते, त्याच्यावर विसंबण्यापेक्षा जहाजाच्या दवाखान्यात विचारावे. काढलेले दूध हे कमी प्रतीचे असते अशी शंका घेणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली आणि तेथे काढून साठवलेल्या दुधावर अतिशय नाजूक बाळे वाढली. उन्हाळ्यात बाळाला वरून पाणी पाजावे का, हा विदर्भातला हमखास प्रश्न. सहा महिन्यांपर्यंत नको. अंगावरच्या दुधात जवळजवळ नऊ-दशांश पाणीच असते. पाणी प्यायचे ते आईने, आणि भरपूर.

सुरक्षिततेच्या बाबतीत समुद्राचा कायदा बाळाला ओळखतो, हे विशेष. समुद्रावरील जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांपेक्षा लांबच्या प्रवासात जहाजावर जितकी तान्ही बाळे तितकी त्यांच्या मापाची जीवरक्षक जॅकेटे असावीच लागतात. उलट एखाद्या जलाशयातली अर्ध्या तासाची होडी पाहावी. गोसीखुर्द धरणाचे बॅकवॉटर, अंभोऱ्याचा संगम आणि तिथला नवा पूल पाहायला भंडारा-नागपूरकडची कुटुंबे सुटीच्या दिवशी जातात. नौकाविहार म्हटले की बाळ कडेवर आणि सगळे होडीत. बाळाच्या मापाचे जॅकेट हाताशी नसेल तर त्याला होडीत नेऊच नये. आईच्या जॅकेटात त्याला कोंबणे म्हणजे दोघांचाही जीव टांगणीला लावणे. अथांग समुद्रावरचे मोठे जहाज येथे घराजवळच्या शांत पाण्यापेक्षा सुरक्षित ठरते, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण खरे आहे.

आता बंदरापर्यंतची वाट. वरठीहून मुंबईला रात्रभराची रेल्वे, पूर्व किनाऱ्यालाही तितकीच किंवा जास्त. पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, त्यामुळे त्याला जागाही मिळत नाही. बाळ आईच्याच बर्थवर, अडीच फुटांच्या आतल्या फळीवर. २०२२च्या मे महिन्यात उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला घडीचा छोटा ‘बेबी बर्थ’ प्रयोग म्हणून लावला, तेव्हा त्याची छायाचित्रे देशभर फिरली. तो बाळाच्या झोपण्याचा उपाय होता. पाजण्याचा प्रश्न त्याआधीचा आहे, कारण खालचा बर्थच मिळाला नाही तर बेबी बर्थ लावणार कशाला? प्रत्येक डब्यात खालचे काही बर्थ ज्येष्ठ नागरिक, पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती यांच्यासाठी राखून ठेवलेले असतात. या यादीत तान्हे बाळ असलेल्या आईचे नाव नाही. नऊ महिन्यांची गर्भवती खालच्या बर्थला पात्र, आणि तीच बाई दोन महिन्यांचे बाळ घेऊन निघाली की रांगेत सर्वांबरोबर. टाके पुरते भरलेले नसताना, रात्री चार वेळा उठून पाजायचे असताना, तिने मधल्या बर्थवर चढावे अशी ही व्यवस्था आहे. मधल्या बर्थवर माणसाला ताठ बसताही येत नाही. मग बाळाला घेऊन पाजणार कसे?

एसटीच्या प्रवाशांसाठी राज्यात ‘हिरकणी कक्ष’ आले. बसस्थानके, रुग्णालये, सरकारी कार्यालये येथे बाळाला पाजण्यासाठी वेगळी खोली, आणि तिला नाव रायगडाच्या हिरकणीचे. गडावर दूध विकायला गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर घरच्या तान्ह्यासाठी कडा उतरून गेली, आणि त्या जागी महाराजांनी बुरूज बांधला, ही कथा प्रत्येक मराठी मुलाला तोंडपाठ असते. नाव सुंदर आहे, पण त्यात एक अडचण लपलेली आहे. कथेतल्या बाईचे कौतुक तिने कडा उतरला म्हणून झाले. दरवाजा वेळेवर उघडला असता तर कथाच घडली नसती. पाजणाऱ्या आईकडे धाडसाची अपेक्षा ठेवायची आणि व्यवस्थेने आपले दरवाजे वेळेवर लावत राहायचे, ही सवय या नावाबरोबर नकळत पुढे आली आहे.

जवाहरनगरपासून तासाभराच्या अंतरावर, नागपुरात, डिसेंबर २०२२च्या हिवाळी अधिवेशनात ही गोष्ट साऱ्या राज्याने पाहिली. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या सुमारे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नाशिककडून नागपूरला आल्या आणि त्याला घेऊन विधानभवनात गेल्या. त्यानंतर विधानभवनात हिरकणी कक्ष झाला. पुढच्या वर्षी मुंबईच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मात्र तिथल्या कक्षात धूळ आहे, सोयी नाहीत, अशी तक्रार त्यांना जाहीरपणे करावी लागली. जिच्यासमोर कॅमेरे होते तिच्या खोलीची ही कथा. ज्या बाईसमोर फक्त चौकशी खिडकी असते तिने खोलीची किल्ली कोणाकडे मागायची? एका खोलीने प्रश्न सुटत नाही, याचे कारण साधे आहे. खोली एका जागी असते आणि बाळाला भूक लागते ती कोठेही. साठ किलोमीटरच्या बसप्रवासात खोली कामाची नाही. तेथे खिडकीजवळची एक जागा आणि शेजारी एक समजूतदार माणूस कामाचा.

कायद्याने या बाबतीत अर्धेच अंतर कापले आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने तीसपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामावरच्या आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी रोज दोन सुट्या दिल्या, आणि २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांवर नेऊन पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. हे सारे कामाच्या जागेपुरते. त्याच बाईने कारखान्याचे दार ओलांडून स्टेशनवर पाऊल ठेवले की तिचा हक्क संपतो आणि लोकांची मेहेरबानी सुरू होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, एका चोरीला गेलेल्या बाळाच्या खटल्यात, अंगावर पाजणे हा आईचा अविभाज्य हक्क असल्याचे म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी पाजण्याच्या सोयींविषयी केंद्राने राज्यांना दिलेल्या सूचनांची आठवण करून द्यायला सांगितले, आणि सार्वजनिक जागी पाजण्याला लांच्छन मानू नये असेही बजावले. स्कॉटलंडने याहून पुढचे पाऊल २००५ मध्येच टाकले: दोन वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी दूध पाजणाऱ्याला अडवणे हा तेथे गुन्हा आहे. भारतात पाजण्याला मनाई करणारा कायदा नाही. अडवणाऱ्याला मनाई करणाराही नाही. २०१८ मध्ये कोलकात्याच्या एका मॉलमध्ये आईला पाजण्यासाठी शौचालय दाखवले गेले, त्यावर देशभर संताप झाला आणि काही दिवसांत विरला.

लाजेचा प्रश्न उरतो, आणि संस्कृतीच्या नावाने तोच सर्वांत आधी पुढे केला जातो. भंडारा हा धानाचा जिल्हा. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत बाया चिखलात वाकलेल्या असतात, धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधलेली असते, लेकरू रडले की माय पाय धुऊन धुऱ्यावर बसते, पदर घेते आणि पाजते. बांधीत पुरुष असतात, नांगरटीचे बैल असतात, कोणी मान वळवत नाही. हीच माय शहराच्या बसमध्ये बसली की अवघडते, कारण तेथे मान वळवणारे भेटतात. लाज पाजण्यात नव्हती. ती बघणाऱ्याने आणली, आणि तिला संस्कृतीचे नाव नंतर दिले गेले. मोठ्या जहाजावर जेवणाच्या दालनात किंवा डेकवर आई पाजत असेल तर सेवक पाण्याचा ग्लास ठेवून निघून जातो. शिष्टाचार म्हणून एवढेच पुरते, आणि ते शिकायला समुद्रावर जावे लागत नाही.

सरकारी खर्चाने कुटुंब समुद्र पाहायला निघते तेव्हा भाड्याचा हिशेब पै-पैचा ठेवला जातो: कोणता दर्जा, कोणता मार्ग, कोणती पावती. त्याच सरकारच्या रेल्वेने एक छोटी दुरुस्ती करावी. डब्यातल्या खालच्या बर्थचा राखीव वाटा आधीच ठरलेला आहे. त्या यादीत गर्भवतीच्या पुढे ‘आणि एक वर्षाच्या आतले बाळ असलेली आई’ एवढे शब्द घालावेत. त्यासाठी नवा डबा बांधावा लागत नाही.